चुना डोळ्यात गेलेल्या आमच्या पोराची पावणेतीन वर्षं आणि हैदराबादचं एल व्ही प्रसाद डोळ्यांचं हॉस्पिटल, सविस्तर रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितोय. ऑपरेशन झालं त्या आठवड्यात लिहिला असता तर नुसते धन्यवाद लिहिले असते, आणि डोळा भाजल्याचं असं असतं की पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही, पहिल्या वर्षातही पूर्ण कळत नाही. आता फेब्रुवारी २०२५ आहे, घटना मे २०२२ ची. मधल्या काळात एवढ्या जणांनी फोन करून विचारलं की कुठे नेलं, काय केलं, दिसतं का पोराला, की एकदाच सगळं लिहून ठेवतो. लांबलचक होणार आहे. घाईत असाल तर फक्त पाण्याबद्दल लिहिलंय तेवढं वाचा, बाकी नंतर वाचलं तरी चालेल.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यात. मी नोकरीला पुणे जिल्ह्यात, दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत, केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर. घरी आबा, आई, दादा, वहिनी आणि दादाचा मुलगा, त्याला इथे सोन्या म्हणतो, तेव्हा चार वर्षांचा. आबांना तंबाखूची सवय, पूर्वी चुन्याची पितळी डबी असायची, पण गेली काही वर्षं टपरीवर तंबाखूच्या पुडीसोबत ती छोटी प्लास्टिकची चुन्याची पुडी मिळते ना, तीच आणायचे. लग्नसराईचे दिवस, घरात पाहुणे, आबांचा शर्ट खुंटीवरून खाली पडलेला, पोराने खिशातली पुडी काढली आणि दोन्ही हातांनी दाबली. तोंडाजवळ धरून दाबली. पुडी फुटली आणि सगळा चुना उजव्या डोळ्यात.

वहिनी सांगते की तो आधी ओरडलाच नाही, डोळा घट्ट मिटून नुसता उभा राहिला आणि मग जो ओरडला तो अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. माणसं जमली. एकजण म्हणाली तूप घाला, तूप घातलं. वहिनी पाणी आणायला निघाली तर दोन म्हाताऱ्या बायकांनी तिला अडवलं, चुन्यावर पाणी टाकू नको, चुना उकळतो, डोळा शिजेल. आता हे त्या काही वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत. घर सारवायला, रंगवायला चुनकळी पाण्यात टाकली की रटरट उकळते हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. पण खायचा चुना आधीच विझवलेला असतो, तो पाण्याने परत उकळत नाही. आणि समजा कोरडी चुनकळी किंवा सिमेंट तोंडावर उडालंच तर सुकी पावडर कपड्याने आधी झटकायची आणि मग पाणी एवढं भरपूर ओतायचं की उष्णता राहायलाच नको. थांबायचं कुठल्याच परिस्थितीत नाही.

दादाने मला फोन केला तेव्हा पाच-सात मिनिटं झाली होती. आमच्या प्लांटमध्ये कॉस्टिक सोड्याचं काम चालतं, म्हणून जागोजागी आयवॉश स्टेशन, म्हणजे डोळे धुवायचे नळ आहेत, कुठूनही दहा सेकंदात पोचता आलं पाहिजे आणि कमीत कमी पंधरा मिनिटं डोळा धुतला पाहिजे हे आमच्याकडून दर ड्रिलला पाठ करून घेतात, मी ते वर्षानुवर्षं कंटाळून ऐकलं होतं. फोनवर मी अक्षरशः ओरडलो, दादा बाकी सगळं सोड, दोघांनी धरा, पापणी बोटांनी उघडा आणि बोअरच्या नळाचं पाणी तांब्याने ओतत राहा, मी थांब म्हणेपर्यंत थांबू नका. फोन स्पीकरवर ठेवून मी वीस मिनिटं लाईनवर होतो. पोराचं रडणं ऐकवत नव्हतं. पुढे हैदराबादला डॉक्टरांनी सांगितलं की आज जे काय वाचलंय ते या वीस मिनिटांमुळे. वहिनीने हे वाक्य ऐकलं आणि ती तिथेच खाली बसली.

हे का, ते समजून घेतलं तर विसरणार नाही म्हणून सांगतो. ॲसिड डोळ्यात गेलं की दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं, वरचं प्रोटीन फाटतं, त्याचा थर जमतो, आणि तो थर ॲसिडला आत जायला थोडाफार तरी अडवतो. ॲसिड साधं असं म्हणत नाहीये मी, जोरदार ॲसिडने डोळा जातोच. पण चुना, कॉस्टिक, सिमेंट, अमोनिया हे अल्कली, ते पेशींच्या चरबीचा साबण करून टाकतात आणि वाट काढत आत आत जातात, बुबुळाच्या पलीकडे डोळ्यातल्या पाण्यापर्यंत. पीएच म्हणजे ॲसिड-अल्कलीचं माप, सातच्या वर जेवढा जास्त तेवढी अल्कली जोरदार. अश्रूंचा पीएच सातच्या आसपास, भिजलेल्या चुन्याचा बाराच्या वर. आणि चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात, म्हणजे वरून धुतलं तरी आतून गळत राहतं, तासन् तास. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आमची पुढची सगळी गडबड तिथेच झाली.

संध्याकाळी साडेपाचला पोराला तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात नेलं. नाव घेणार नाही. तिथे टॉर्चने बघितलं, पोरगा डोळा उघडू देत नव्हता म्हणून जास्त तपासता आलं नाही, एक ड्रॉप दिला, पट्टी बांधली, आणि चार दिवसांनी दाखवा म्हणाले. पापणी उलटवून बघितली नाही. पीएचची पट्टी लावली नाही. परत धुतलं नाही. चार वर्षाचं पोर रडत असताना तपासणं अवघड आहे हे मला मान्य आहे, पण मग जमत नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या ठिकाणी न्या, एवढं एक वाक्य तर बोलता आलं असतं. पापणीखाली चुना आणि वर घट्ट पट्टी, अशी ती रात्र गेली. आजही रागाने झोप लागत नाही कधी कधी.

सकाळी पट्टी काढून दादाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि लिहिलं, लाली गेली, बरं वाटतंय. मलाही बरं वाटलं. तरी तो फोटो मी आमच्या फॅक्टरी मेडिकल ऑफिसरना दाखवला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, डोळा लाल असता तर मी एवढा घाबरलो नसतो. डोळ्याचा पांढरा भाग बुबुळाच्या कडेला असा चिनीमातीसारखा पांढराफटक दिसतोय म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्याच जळाल्यात, आणि बुबुळ धुरकट झालंय. कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळाचे खास डॉक्टर लागतील, उशीर करू नका. त्यांनीच एल व्ही प्रसादचं नाव घेतलं.

आमच्याकडच्या लोकांना हैदराबाद परकं नाही. आजोबांच्या काळात तर राजधानीच ती होती, आणि आजही देगलूरहून मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत चार-साडेचार तासात जीप पोचते. पुणे-मुंबई आम्हाला त्यापेक्षा कितीतरी लांब. नांदेडकडच्यांना देवगिरी एक्सप्रेस आहे. मी त्या रात्री दौंडहून हुसेनसागर पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तोवर पहिले सोपस्कार होऊन गेले होते, ते दादा-वहिनीकडून ऐकलेलं लिहितोय.

बंजारा हिल्सला, हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर डोळ्यात केमिकल गेलंय एवढं सांगितलं आणि रांगेतून काढून आत घेतलं. नाव-गाव-आधार नंतर. सगळ्यात आधी एक कागदी पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवली, रंग बदलला, म्हणजे घटनेला जवळजवळ बावीस तास होऊनही डोळ्यात अजून चुन्याचा अंमल होता. मग सलाईनची बाटली आणि नळी लावून धुणं सुरू. धुवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत पट्टी लावायची, परत धुवायचं. पोरगा आवरत नव्हता म्हणून भूल देऊन तपासायचं ठरलं, आणि भुलीखाली वरची पापणी एकदा उलटवून परत दुसऱ्यांदा उलटवली तेव्हा अगदी वरच्या कोपऱ्यातून चुन्याचे पांढरे खडे आणि पापुद्रे निघाले. ते एका पट्टीवर ठेवून दादाला दाखवले. तुरीच्या डाळीच्या चुरीएवढे असतील. दादा म्हणतो तो तुकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग मला जे सगळ्यात आवडलं ते. त्यांनी आम्हाला बसवून, कागदावर डोळ्याचं गोल चित्र काढून, समजावलं. बुबुळाच्या कडेला सगळीकडून एक अरुंद पट्टा असतो, त्याला लिंबस म्हणतात. बुबुळावरची पातळ कातडी सतत झिजत असते आणि नवीन कातडी तयार करणाऱ्या मूळपेशी या पट्ट्यात राहतात. या पट्ट्याला घड्याळ समजायचं, बारा तासांपैकी किती तास जळाले यावरून भाजण्याची पायरी ठरते. सोन्याचे दहा तास जळाले होते. सहा पायऱ्यांपैकी पाचवी. डॉक्टर बाईंनी गोड बोलून उडवाउडवी केली नाही, म्हणाल्या, डोळा वाचवायचा प्रयत्न आधी, नजरेचं नंतर बोलू, आणि हे महिन्यांचं नाही वर्षांचं काम आहे, तयारी ठेवा. आईला हिंदी नीट कळत नाही, तिच्यासाठी परत सोपं करून सांगितलं. मोडकं तेलुगू आमच्या सगळ्यांना येतं त्याचाही उपयोग झाला.

दादा शेतकरी माणूस, त्याने ते घरी आल्यावर आबांना असं सांगितलं, की बुबुळ म्हणजे वाफा आणि कडेचा पट्टा म्हणजे बांध, बांधावरच रोपं तयार होतात, आणि बांध फुटला की शेजारची हरळी वाफ्यात शिरते. अगदी हेच झालं पुढे.

पहिल्या आठवड्यात अम्नियॉटिक मेंब्रेन लावलं. म्हणजे बाळंतपणात वार पडते तिचा सगळ्यात आतला पातळ पडदा, सिझेरियन झालेल्या आयांनी दान केलेला, तपासून जपून ठेवलेला. तो जळलेल्या डोळ्यावर नैसर्गिक पट्टीसारखा बसतो, सूज कमी करतो, खालच्या कातडीला भरून यायला आधार देतो. मला हे माहीतच नव्हतं की वारेचा असा उपयोग होतो. वहिनी आजही म्हणते कुठल्या माऊलीची ती वार, माझ्या लेकराच्या डोळ्यावर बसली.

ड्रॉपचं वेळापत्रक म्हणजे खरी परीक्षा. स्टिरॉइड सुरुवातीला तासातासाला, अँटिबायोटिक, बाहुली मोठी करून दुखणं कमी करणारा ड्रॉप, बिनप्रिझर्वेटिव्हचे अश्रूंचे ड्रॉप, व्हिटॅमिन सी, आणि डोळ्यातलं प्रेशर वाढलं म्हणून काचबिंदूचाही एक. मोठ्या माणसांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही देतात, बुबुळ विरघळण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, पण लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात म्हणून याला दिल्या नाहीत. स्टिरॉइडबद्दल त्यांनी तीनतीनदा बजावलं, पहिले दहा-पंधरा दिवस ते फार गरजेचं, त्यानंतर तेच जास्त दिवस तसंच चालू ठेवलं तर जखम भरणं थांबून बुबुळ पातळ होऊ शकतं, म्हणून आम्ही सांगू तसंच कमी करायचं. आमच्याकडे मेडिकलवाल्याला विचारून स्टिरॉइड ड्रॉप घालायची जी पद्धत आहे त्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. आणखी एक, पापणी आतून डोळ्याला चिकटू नये म्हणून एक पारदर्शक रिंग बसवली होती, ती निघाल्यावर काचेच्या कांडीने पापणीच्या आतून हलकेच फिरवायचं वहिनीला शिकवलं. सातवी शिकलेली बाई, पण हात एवढा स्थिर की तिथल्या सिस्टरने कौतुक केलं. नवीन बाटली लागली की आमची पंचाईत, बिनप्रिझर्वेटिव्हचे ड्रॉप तालुक्यात मिळत नव्हते, मी पुण्याहून कुरियरने पाठवायचो.

पैशाचं सगळ्यात जास्त विचारतात. तिथे पैसे भरणाऱ्यांचा आणि मोफतवाल्यांचा असे दोन्ही मार्ग आहेत, परिस्थिती बघून ठरतं, आमचं मोफतमध्ये झालं. आणि मी डोळ्यांनी बघितलंय, डॉक्टर तेच आणि ऑपरेशनही तेच. ही संस्था १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी अमेरिकेतलं चांगलं चाललेलं काम सोडून येऊन सुरू केली, आणि जागा व पैसा दिला तो सिनेमावाले एल. व्ही. प्रसाद यांच्या घराने, म्हणून ते नाव. सुरुवातीपासून अर्ध्याच्या आसपास लोकांना फुकट उपचार हे त्यांचं धोरण आहे. आमचा खर्च झाला तो जायचा-यायचा, राहायचा, खायचा, आणि बुडालेल्या मजुरीचा. पहिल्या वर्षात चौदा फेऱ्या झाल्या. तोही खर्च साधा नाही, तो हिशोब धरूनच निघा. स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने पेशंट बघून भाडं वाढवून सांगितलं, नंतर आम्ही हॉस्पिटलच्या जवळपासच खोली बघत गेलो.

साधारण चार महिन्यांनी सूज उतरली आणि हरळी दिसायला लागली. बुबुळावर गुलाबी, रक्तवाहिन्यांनी भरलेली जाड साय आली, बाहुली दिसेनाशी झाली. उजेड सहन व्हायचा नाही, पोर दिवसा वहिनीच्या पदरात तोंड खुपसून बसायचं. आम्ही डॉक्टरांच्या मागेच लागलो की नेत्रदानातलं बुबुळ बसवा, एकदाचं संपवा. त्यांनी ठाम नाही सांगितलं. बांधच शिल्लक नाही तर नवीन वाफ्यावरही हरळीच येणार, दान मिळालेलं बुबुळ वाया जाईल. आणि डोळा शांत झाल्याशिवाय मूळपेशींचं ऑपरेशनही नको. थांबा. त्या वेळी राग आला होता, आज वाटतं आम्हाला पैसे घेऊन लगेच ऑपरेशन करणारा कोणी भेटला असता तर आम्ही आनंदाने केलं असतं आणि डोळा घालवून बसलो असतो.

तेरा महिने थांबलो. जून २०२३ ला ऑपरेशन झालं, त्याचं नाव स्लेट, पूर्ण नाव सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन. हे तंत्र जगापुढे मांडलं तेच मुळी तेव्हा याच संस्थेत असलेल्या डॉ. विरेंदर सांगवान आणि त्यांच्या टीमने, २०१२ साली. त्याआधी १९८९ पासून चांगल्या डोळ्याच्या कडेचा मोठा तुकडा काढून लावायची पद्धत होती, त्यात चांगल्या डोळ्यालाही धोका. मग १९९७ ला इटलीतल्या शास्त्रज्ञांनी छोट्या तुकड्यातून प्रयोगशाळेत पेशी वाढवून दाखवल्या, पण त्याला तसली महागडी लॅब लागते. स्लेटमध्ये चांगल्या डोळ्याच्या कडेतून फक्त दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटर तुकडा घेतात, भाजलेल्या बुबुळावरची साय सोलून काढतात, त्यावर तो वारेचा पडदा एका जैविक गोंदाने चिकटवतात, आणि त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक बारीक कण करून पडद्यावर गोलाकार पेरतात. वरून एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. पेशी डोळ्यातच वाढतात, लॅबची गरजच नाही. मला या गोष्टीचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू, जगात जे करायला कोट्यवधीच्या लॅब लागत होत्या ते आपल्या इथल्या डॉक्टरांनी साध्या ऑपरेशन थिएटरमध्ये होईल असं करून दाखवलं, आणि ते आमच्यासारख्याच्या पोराला मिळालं.

चांगल्या डोळ्याला हात लावायचा म्हटल्यावर आई रडायला लागली, आहे तो एक तरी राहू द्या. आमचीही सही करताना बोटं थरथरत होती. मग त्यांनी आकडे सांगितले. एकाच डोळ्याला भाजलेल्या १२५ जणांवर त्यांनी केलेल्या ऑपरेशनचा अभ्यास २०१६ ला छापून आलाय, त्यातल्या ९५ जणांचं, म्हणजे ७६ टक्के लोकांचं, ऑपरेशन टिकलं. त्यात जवळजवळ निम्मी लहान मुलं होती. म्हणजे चारातल्या एकाचं टिकत नाही हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि पापणी खूप चिकटलेली असेल किंवा त्याच वेळी बुबुळही बसवलं तर अपयश वाढतं हेही. खरं सांगून मग सही घेतली.

पट्टी उघडली त्या दिवशी बाहुली दिसली. काळी, गोल. वर्षभर दिसली नव्हती. बस, त्या क्षणाबद्दल एवढंच लिहू शकतो.

पण साफ बुबुळ म्हणजे नजर नव्हे, आणि हे लहान मुलांच्या आईबापांना कोणीतरी आधीच सांगायला पाहिजे. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू डोळ्याकडून बघायला शिकत असतो, त्या काळात एक डोळा बंद राहिला की मेंदू त्याला सोडूनच देतो, आळशी डोळा म्हणतात ते. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून भाजलेल्या डोळ्याने बघायला भाग पाडायचं. चार वर्षाच्या पोराला, पाच वर्षाच्या पोराला हे समजावणं किती कठीण असेल बघा, तो पट्टी उपसून फेकायचा, वहिनी रडकुंडीला यायची. हे काम आबांनी घेतलं. रोज सकाळी दोन तास ओसरीवर बसून त्याच्याकडून ज्वारीतले खडे वेचून घ्यायचे, मोठ्या अक्षरांचं अंकलिपीचं पुस्तक, मग चित्रं रंगवणं. दीड वर्ष एक दिवस चुकवला नाही. आबांना कोणी घरात एका शब्दाने बोललं नाही, पण ते स्वतःशी काय बोलत असतील ते मला माहीत आहे. तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली असं नाही, चार महिने लागले, पण पुडी त्या दिवसानंतर घरात आली नाही.

त्या पुडीबद्दल बोलायचंच आहे. मी शोधायला लागलो तेव्हा कळलं की २००३ सालीच लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या मेडिकल मासिकात दिल्लीच्या एम्समधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चुन्याच्या पुडीच्या धोक्याबद्दल इशारा दिला होता. २००३! आमचा पोरगा जन्मायच्या पंधरा वर्षं आधी. महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी झाली, पण ही पुडी बिनधास्त मिळते, पातळ प्लास्टिक, दाबलं की कुठून फुटेल नेम नाही, आणि रंगीत असल्यामुळे पोरांना खेळणं वाटतं. वॉर्डात आमच्या शेजारी अजून एक चुन्याचंच पोर होतं, कर्नाटकातलं. घरात कोणी खात असेल तर निदान झाकणाची डबी वापरा आणि ती पोराच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. घराचं काम चालू असेल तर सिमेंट-चुन्याच्या घमेल्याजवळ पोरं नकोत. बाथरूम साफ करायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

ॲसिडवरून, तिथे एक ताई भेटली, तिचे दोन्ही डोळे गेले होते, कोणीतरी फेकलं होतं. तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगतो की दोन्ही डोळे भाजले की आमच्यासारखा चांगल्या डोळ्यातला तुकडा मिळत नाही, मग नातेवाईकाकडून किंवा नेत्रदानातून मूळपेशी घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून लांबलचक औषधं. तेही जमत नसेल तर कृत्रिम बुबुळ, आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात पेशंटच्याच दाताचा तुकडा वापरून त्यात लेन्स बसवतात तसलंही ऑपरेशन होतं, त्यानेही लोकांना दिसायला लागलंय. ॲसिड हल्ला झालेल्यांना कुठल्याही हॉस्पिटलने, खासगी असलं तरी, फुकट उपचार द्यायचे असा कायदा आहे, सुप्रीम कोर्टानेही २०१५ ला ते स्पष्ट केलंय, आणि आपल्या राज्यात मनोधैर्य योजनेतून मदत मिळते. हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

आता आजची स्थिती. सोन्या पहिलीत आहे. जानेवारीत दाखवून आणलं. ऑपरेशनच्या आधी उजव्या डोळ्यासमोर हात हलवला तर तेवढं कळायचं, आता चष्मा लावून तक्त्यावरची तिसरी ओळ वाचतो, म्हणजे ६/२४. डावा डोळा पूर्ण चांगला, जिथून तुकडा घेतला ती जागा आता शोधूनही सापडत नाही. उजव्या बुबुळात एक फिकट धूसर डाग राहिलाय, त्याचं पुढे काही करायचं का ते तो मोठा झाल्यावर ठरवू म्हणाले. प्रेशर दर वेळी तपासतात कारण अल्कलीने भाजलेल्या डोळ्याला काचबिंदू नंतरही होऊ शकतो. उन्हात टोपी आणि काळा चष्मा, दिवसातून चार वेळा ड्रॉप, हे चालूच राहणार.

रेटिंग द्यायचं तर हॉस्पिटलला पाचपैकी पाच, जे खरं होतं ते तोंडावर सांगितलं, घाई केली नाही, आणि गरीब म्हणून एकदाही वेगळी वागणूक दिली नाही यासाठी. जाणाऱ्यांनी जुने कागद, घातलेल्या ड्रॉपच्या बाटल्या आणि जे डोळ्यात गेलं त्याची पुडी किंवा डबा सोबत न्या, डॉक्टरांना नेमकं काय होतं ते कळतं. प्रवासाला निघायच्या आधी परत एकदा अर्धा तास डोळा धुवा, आमच्यासारखी वर पट्टी बांधून रात्र काढू नका. प्रवासात तूप, मध, गुलाबपाणी, दूध काहीही घालू नका, डोळा चोळू देऊ नका. लहान पोर असेल तर निघण्याआधी खायला देताना डॉक्टरांना फोनवर विचारा, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, आमचा त्यात तीन तासांचा खोळंबा झाला, कारण आईने वाटेत मायेने पोळी-गूळ भरवला होता.

पुढची तारीख जुलैमधली आहे, शाळा बुडू नये म्हणून शनिवार मागून घेतलाय. देगलूर, बिलोली, मुखेड भागातलं कोणी त्या सुमाराला जाणार असेल तर कळवा, आमच्या जीपमध्ये दोन जागा असतात.